फोन काढून घेण्याआधी, मुलाला घरात काय काम आहे ते पाहा

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुम्हाला कळेल. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीत. यजमान बोटीवर, एकदा गेले की सहा-सात महिने येत नाहीत. फोंड्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही आणि तो, आजी-आजोबा सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी. तुमची नोकरी पणजीला, सकाळी आठला बाहेर पडता ते संध्याकाळी साडेसहाला परत. मुलगा रात्री दीड-दोनपर्यंत फोनवर, सकाळी हलवून हलवून उठवावं लागतं, आठवीत ऐंशीच्या घरात असलेले गुण साठीवर आलेत, आणि काही विचारलं की ‘तुला काय करायचंय’ असं तोंडावर म्हणतो. मध्यंतरी तुम्ही फोन काढून घेतलात. दोन दिवस तो जेवला नाही, तिसऱ्या दिवशी तुम्हीच परत दिलात. ‘आमच्या वेळी बाबांची चाहूल लागली तरी आम्ही गप्प बसायचो’ असं सांगून तुम्ही विचारलंय, आमचे संस्कार कमी पडले की या फोननंच ही पिढी बिघडवली?

गेली कित्येक वर्षं मी गोव्यातल्या शाळांमध्ये या वयाच्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलते आहे. प्रश्न बहुतेक वेळा याच दोन पर्यायांसकट येतो. एका पर्यायात दोष तुमचा, दुसऱ्यात फोनचा. मुलगा दोन्हीकडे नुसता बिघडलेला. त्याला काय हवंय, त्याचा दिवस कसा जातो, हे कुठेच येत नाही. तुमच्या लिहिण्यात मला वेगळाच प्रश्न दिसला. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत या मुलावाचून घरात कोणाचं काय अडतं? शाळा, ट्यूशन, रिकामा फ्लॅट, झाकून ठेवलेलं जेवण. त्यानं एखादा दिवस काहीच केलं नाही, तरी घर जसं चालतं तसंच चालेल. फोनमध्ये मात्र रात्री दहा वाजता चार जण त्याची वाट पाहत असतात.

मी त्याला भेटलेली नाही, हे आधीच सांगते. शाळेत त्याला कोणी छळत असेल, कोणी फोटोवरून धमकावत असेल, पैशांच्या खेळात तो अडकला असेल, किंवा मनानं खचला असेल, तर पुढचा सगळा क्रम बदलतो. त्याबद्दल खाली लिहिते. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते पुष्कळ घरांत जसंच्या तसं दिसतं, म्हणून आधी तेच घेते.

हा मुलगा २०१० च्या आसपास जन्मला. तो सहा वर्षांचा असताना, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलचा डेटा घरोघरी जवळजवळ फुकट झाला. तो दहा वर्षांचा होत असताना, २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद पडल्या आणि शाळा म्हणजेच फोन झाला. सत्तरी-सांगेच्या गावांत मुलं रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढून बसत होती, त्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि काही आठवड्यांत रील्स, पाठोपाठ शॉर्ट्स आले. म्हणजे ज्या हातात आपण अभ्यासासाठी फोन दिला, त्याच हातात त्याच महिन्यांत हे सगळं पोचलं. दहाव्या वर्षी ‘घे, वर्ग सुरू झालाय’ म्हणणारे आपण, पंधराव्या वर्षी ‘ठेव तो फोन’ म्हणतो. मधल्या पाच वर्षांत फोन कसा वापरायचा हे त्याला कोणी बसून शिकवलेलं नसतं. आपल्यालाही कोणी शिकवलं नव्हतं.

एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक आले, ते दिवस आठवा. तो डबा हॉलमध्ये असायचा. येणारा-जाणारा पडद्यावर काय चाललंय ते बघायचा, भावंडं पाळी लावायची, आई मागून ‘पुरे आता’ म्हणायची. आता पडदा अंथरुणात गेला. घरातल्या माणसांची सहज पडणारी नजर संपली आणि तिच्या जागी आली तपासणी: फोन मागणं, पासवर्ड विचारणं, चोरून बघणं. सहज पडणाऱ्या नजरेवर मुलं चिडत नाहीत. तपासणीवर चिडतात.

आता फोनच्या बाजूचं थोडं. हे ॲप मुलानं थांबू नये अशाच पद्धतीनं बांधलेले असतात. खाली सरकवत राहा, शेवट येतच नाही. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. दहा रद्दी व्हिडिओंनंतर एक झकास निघतो, आणि तो नेमका कधी निघेल हे ठाऊक नसतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दाणा अनिश्चितपणे मिळत असेल तर कबुतर चोच मारायचं लवकर सोडत नाही. त्यात वय पंधरा. या वयात आनंदाची ओढ लावणारी मेंदूची यंत्रणा ऐन जोरात असते, आणि आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. झोप आणणारं मेलाटोनिनही या वयात उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे रात्री दहाला त्याला खरोखरच झोप येत नसते. तेव्हा रात्री दीडला तो फोन खाली ठेवू शकत नाही, यावरून त्याचं चारित्र्य ठरवू नका.

पण सगळा दोष फोनवर टाकूनही चालणार नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो कमी-अधिक फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. ही सरासरी आहे. एखाद्या मुलाचं फोनमुळे फार नुकसान होऊ शकतं, आणि असं होताना मी पाहिलंय. पण ‘तो किती तास बघतो’ एवढ्या आकड्यावरून मुलाबद्दल फारसं काही कळत नाही, हे माझ्या कामातही रोज दिसतं. कोणाबरोबर बघतो, काय सोडून बघतो, आणि बंद केल्यावर त्याच्यासमोर काय उरतं, हे विचारावं लागतं.

इथे एक मुलगा सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. नववीतला, डिचोलीकडचा. घरच्यांनी ‘फोनचं व्यसन लागलंय’ म्हणून आणला होता. मी म्हटलं, तुझ्या फोनमध्ये काय काय आहे ते तूच दाखव. गेम होताच. पण त्यानं आधी उघडला तो वाड्यावरच्या पोरांचा नरकासुराचा ग्रुप, म्हणजे दिवाळीच्या पहाटे जाळायचा पुतळा बांधणाऱ्यांचा. सांगाड्याला लोखंड किती, बांबू कोणाच्या कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, आणायचे, डोकं फिरवायला मोटर कुठली, रद्दी कागद कोण गोळा करणार. वर्गणीचा हिशेब या मुलाकडे होता: सुतळी, खळ, रंग, बल्ब, चहा, एकाखाली एक नीट लिहिलेलं, शिल्लक किती तेही. वर्गात वही पूर्ण नसते म्हणून ज्याची तक्रार होती, त्याचा हा हिशेब! मी विचारलं, त्या तीन आठवड्यांत गेम किती खेळलास? तो म्हणाला, ‘वेळ खंय आसलो टीचर?’ दिवाळीची पहाट झाली, नरकासुर जळला, आणि दोन दिवसांत तो परत गेमवर. पडद्याचं वेड एवढंच कारण असतं तर ते तीन आठवडे तसे गेले नसते. त्याच्यावाचून अडणारं काम होतं, मोठ्या पोरांत जागा होती, रात्री घराबाहेर राहायची मुभा होती. दिवाळीनंतर तिन्ही एकदम संपलं.

तुमच्या आमच्या वाढण्याशी हे ताडून बघा. सत्तरीतल्या घरात पंधरा वर्षांच्या मुलाला कामं होती. कुळागराला पाणी सोडायचं, काजूच्या दिवसांत पहाटे बोंडं गोळा करायची, गुरं आणायची, जत्रेतल्या नाटकासाठी पडदे बांधायचे, भजनात झांज धरायची. त्या काळाचं मी कौतुक करत नाही. मार खाऊन गप्प बसलेली कितीतरी मुलं आज मोठी होऊन माझ्यासमोर बसतात आणि अजून बोलू शकत नाहीत. कितीतरी मुलींची शाळा याच कामांनी सुटली. बाबांची चाहूल लागली की आपण गप्प बसायचो, हे खरं. पण गप्प बसलेल्या मुलाच्या मनात काय होतं, ते बाबांना कधी कळलं का? तुमचा मुलगा तुम्हाला उलट बोलतो. वाईट बोलतो, ते सुधारायला हवं, पण बोलतो. ही वाट अजून उघडी आहे.

आपल्या पिढीनं मार थांबवला, मुलांना जवळ घेतलं, हे फार चांगलं केलं. पण त्याबरोबर त्यांची कामंही काढून घेतली. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो.’ दारात बालरथ, म्हणजे शाळेची बस, मग ट्यूशन, मग घर. ‘रस्त्यावर फिरू नकोस.’ बाहेरचं जग जेवढं बंद केलं, तेवढं हातातलं उघडं ठेवलं. मग मुलाकडे स्वतःला मोजायला गुण हे एकच माप उरलं. ते घसरले की तो स्वतःच्या नजरेत कोणीच राहत नाही, आणि गेममध्ये मात्र त्याला लेव्हल असते, नाव असतं, त्याच्यावर विसंबलेले साथीदार असतात.

डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आईवडिलांच्या वागण्याचे प्रकार मांडले. त्याचा मथितार्थ माझ्या कामात पुन्हा पुन्हा खरा ठरलाय: माया भरपूर आणि अपेक्षाही ठाम, अशा घरातली मुलं सहसा बरी सावरतात. नुसता धाक किंवा नुसते लाड, दोन्ही कमी पडतात. बोटीवरच्या कुटुंबांत एक वेगळीच अडचण असते. आठ महिने आई एकटी ओढते, थकते, सोडून देते, मग एकदम कडक होते. बाबा रजेवर येतात ते नवा फोन घेऊन, आणि आठवड्याभरात मुलाची दशा बघून तोच फोन आपटायला निघतात. मुलाला घरातला नियम कुठला, हे कळतच नाही. त्याला कळतं ते एवढंच की थोडं ताणून धरलं की नियम सुटतो. न जेवता दोन दिवस काढले की फोन परत मिळतो, हे आता त्याला ठाऊक झालंय. म्हणून तो प्रयोग तसाच पुन्हा करू नका.

सुरुवात झोपेपासून करा. गुण, उलट बोलणं, सकाळचं चिडणं, यातलं अर्धं झोपेत अडकलेलं असतं. या वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते, तुमच्या मुलाला पाच मिळते. नियम घरासाठी करा, त्याच्यासाठी वेगळा नको: रात्री सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. तुमचाही. यजमानांचा फोन अवेळी येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमच्या फोनची रिंग मोठी ठेवून तो हॉलमध्येच ठेवा. उठायला साधं गजराचं घड्याळ आणा, नाहीतर ‘अलार्मसाठी फोन लागतो’ हे उत्तर तयार असतं. वेळ एकदम दहावर आणू नका. आधी साडेबारा, आठवड्यानं बारा, मग साडेअकरा. वेळ ठरवताना त्याला समोर बसवा, त्याला थोडं जिंकू द्या. ठरल्यावर मात्र वाद घालू नका, आरडाओरडा नको, रोज तेच.

चालू गेममधून फोन हिसकावू नका. हे लहानसं वाटतं, पण यावरून घराघरांत दारं आपटतात. बीजीएमआयसारख्या, चौघांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळात एक डाव अर्धा तास चालू शकतो आणि मध्येच सोडला तर बाकीचे तिघे अडतात, त्याला नंतर बोलणी बसतात. ‘हा डाव संपला की ठेव, नवा लावू नको’ एवढं सांगितलं तर बहुतेक मुलं ऐकतात. आणि एक दिवस जरा बाजूला बसून बघाच. कोण कोण खेळतंय, ओळखीचे किती, तो टीममध्ये काय करतो, हे विचारा. सल्ला न देता.

दुसरं, त्याला काम द्या. शिक्षा म्हणून नव्हे, आणि ‘ताट उचलून ठेव’ असंही नव्हे. ज्यात थोडे पैसे, थोडा निर्णय आणि चुकायची सोय असेल असं. तुम्ही साडेसहाला येता. आठवड्यातून तीन दिवस भात त्यानं लावावा. शनिवारचे मासे बाजारातून त्यानं आणावेत, बांगडा शिळा निघाला तरी मुकाट खा आणि पुढच्या वेळी परत त्यालाच पाठवा. विजेचं आणि पाण्याचं बिल त्याच्याकडे द्या. सुट्टीत आजोबांकडे पाठवा, पण पाहुणा म्हणून नको. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, काय काय लागतं, सुपारीचे घोस कुठून काढायचे, तोरिंग आणि चिबूड कोणाकडून आणायचे, हे आजोबांनी त्याच्यावर सोपवावं. गावात रेंज कमी असेल तर कुरकुर करेल. करू दे. ‘दहावीचं वर्ष आहे, आता कामं कशी सांगू’ असं तुमच्या मनात येईल. रोज अर्ध्या तासानं दहावी बुडत नाही. आत्ता चार तास फोनमध्ये जाताहेतच.

आता गुणांबद्दल एक गोष्ट, जी आईवडिलांच्या लक्षात सहसा येत नाही. तो चौथीपर्यंत मराठी शाळेत होता का? आपल्याकडे पुष्कळ मुलं प्राथमिक मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. तुमच्या मुलाची तर पाचवी-सहावीच लॉकडाऊनमध्ये गेली. अशी मुलं आठवीपर्यंत पाठांतरावर निभावून नेतात. नववी-दहावीचं विज्ञान आणि इतिहास पाठ करून पेलत नाही, मग गुण पडतात, आणि खापर फोनवर फुटतं. विज्ञानाच्या पुस्तकातला एक उतारा त्याला वाचायला द्या आणि मराठीत किंवा कोकणीत सांगायला सांगा. अडखळला तर अडचण समजण्याची आहे. तिला शिक्षकांची मदत लागेल, आणि फोन बंद करून ती सुटणार नाही. उलट, पुस्तकासमोर बसलं की काहीच कळत नाही, म्हणून तो फोनकडे पळत असेल, हेही शक्य आहे.

बोलायचं कधी, तर समोरासमोर बसवून नको. ‘बस इथे, मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की या वयाची मुलं मिटतात. स्कूटरवर मागे बसलेला असताना, भाजी चिरताना, गावी जाताना बोला. पहिले पंधरा दिवस गुणांचा विषय काढूच नका. ‘तुला काय करायचंय’ असं म्हणाला तर शांतपणे एवढंच सांगा, ‘मला काळजी वाटते म्हणून विचारते, पण असं बोललेलं मला आवडत नाही’ आणि उठून जा. पाठोपाठ भाषण नको.

मुलींच्या बाबतीत हे थोडं वेगळं असतं. तिथे गेमपेक्षा इन्स्टाग्राम, फोटो, कोणी काय म्हटलं, कोणी ग्रुपमधून काढलं, हे जास्त असतं, आणि त्यांच्यावरची घरातली कामं सुटलेली नसतात, उलट जास्तच असतात. तुमचा प्रश्न मुलाचा आहे म्हणून तिकडे जात नाही.

आता धोक्याच्या खुणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत गेमिंगचा विकार आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण १२ महिने चालावं लागतं. तेव्हा प्रत्येक मुलाला व्यसनी म्हणू नका, तो शब्द मुलं विसरत नाहीत. पण शाळा बुडवायला लागला, एकही मित्र उरला नाही, आधी आवडणाऱ्या सगळ्या गोष्टी सुटल्या, अंगावर जखमा दिसल्या, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला, तर माझे वरचे उपाय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. बांबोळीला मनोरुग्णालय आहे, लोक आयपीएचबी म्हणतात, तिथे जायला कमीपणा मानू नका. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालतो. शाळेत समुपदेशक असतील तर आधी त्यांना भेटा. खात्यातून छोट्या रकमा जात आहेत का, तेही एकदा तपासा. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला, पण लपून खेळणारे आहेत. असं काही सापडलं तर आरडाओरडा न करता यजमानांना सांगा आणि मग दोघांनी मिळून बोला.

यजमानांचं शेवटी लिहिते, पण त्यांना हे आजच वाचायला द्या. मुलाशी त्यांचं फोनवरचं बोलणं ‘अभ्यास करतोस ना, आईला त्रास देऊ नकोस’ एवढ्यावर संपत असेल तर ते बदलायला हवं. जहाजावर त्यांचं काम काय, आज काय बिघडलं, कोणाशी वाजलं, हे त्यांनी मुलाला सांगावं, आणि घरातली एखादी गोष्ट थेट त्याच्यावर सोपवावी, तुमच्यामार्फत नव्हे. गळका नळ, इन्व्हर्टरचं पाणी, गावच्या घराची कौलं. पुढच्या फोनवर त्याची चौकशी त्याच्याकडेच करावी. रजेवर येतील तेव्हा पहिला आठवडा नवा नियम काढू नये आणि नवा फोनही आणू नये. तुम्ही दोघांनी मिळून जी झोपेची वेळ ठरवली असेल, तीच त्यांनीही पाळावी, स्वतःचा फोन हॉलमध्ये ठेवून.

पहिले पंधरा दिवस झोप आणि एक काम, एवढंच करा. मग काय झालं ते मला कळवा. तो रात्री कोणाबरोबर खेळतो आणि विज्ञानाचा तो उतारा त्याला समजला का, हेही त्यात लिहा. पुढचं त्यावर ठरवू.